जोखमीचा सत्कार

धुळ्याला जाताना, शहर लागायच्या जरा आधी, हायवेला काचेच्या दर्शनी भिंतीचं एक हॉटेल आहे. बस तिथून जायला लागली की मी मान दुसऱ्या बाजूला वळवते. नवरा म्हणतो, इमारतीवर कसला राग धरायचा. मी धरते. इमारतीवर धरते, आतल्या गारेगार हवेवर धरते, दारात हसून गुलाबाचं फूल देणाऱ्या पोरींवरही धरते, आणि 'जोखीम' या शब्दावर तर सगळ्यात जास्त धरते. पूर्वी हा शब्द आमच्याकडे सोन्यानाण्याला वापरायचे. बाईच्या अंगावर जोखीम आहे, म्हणजे दागिने आहेत, सांभाळून ने. त्या हॉटेलात मला कळलं की जोखीम म्हणजे मी.

मी सावद्याची. जन्माने नव्हे, लग्न करून इथे आले आणि इथलीच झाले. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो दुरुस्त करून देतो. मी एका केळी पाठवणाऱ्या कंपनीत होते. मी लागले तेव्हा ती कंपनी नव्हतीच. पत्र्याचं शेड, एक टेबल आणि टेबलावर एक फोन. फोन उचलायला कोणीतरी हवं होतं, म्हणून म्हाताऱ्या मालकांनी मला ठेवलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. पुढे शेडचं पॅकहाऊस झालं, केळी धुवायचे हौद आले, खोके आले, शीतगृह आलं, परदेशी जाणारे गार कंटेनर दारात लागायला लागले. आबा गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. तो माझ्याहून लहान. तो मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला भाऊ. त्याच्या लग्नात मी घरच्या बायकांत उभी होते, त्याच्या आईने मला नेसवलेलं पातळ नेसून.

माझं काम म्हणजे माल वेळेवर निघेल हे बघणं. कोणाची बाग कधी कापायची, कापणारी टोळी कुठली, गाडी कोणाची, ती रात्री रस्त्यात बंद पडली तर दुसरी कोणाची. यात हुशारीचं काही नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसलं की कोणालाही जमेल. पण ती खुर्ची माझी होती, आणि सकाळी फोन वाजायला लागला की मला बरं वाटायचं. घरी मला विचारून काही ठरत नसे. तिथे ठरत असे.

त्या वर्षी थंडीत पुण्याहून एक सल्लागार यायला लागला. तिशी-पस्तिशीचा, नम्र, बोलताना थोडा पुढे वाकणारा. भाऊ म्हणाले, "अक्का, हे आपली सिस्टिम बसवणार आहेत. यांना जे जे लागेल ते सांगा." तो माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा. हा फोन कोणाचा होता, मॅडम? तुम्ही त्यांना नकार का दिलात? या टोळीला आधी का बोलावलं? त्याचा मोबाइल टेबलावर चालू असायचा, त्यात माझं बोलणं साठत जायचं.

खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं की तुम्ही नेमकं काय करता. नवऱ्यानेही नाही. त्यामुळे मी भरभरून सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं. दोनदा त्याला घरी जेवायला नेलं, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी केली. जेवण झाल्यावर मी बीपीची गोळी घेतली, तर तो म्हणाला, "मॅडम, कधीपासून?" मला वाटलं, काळजीने विचारतोय. माझ्या भाच्यासारखा वाटला तो मला.

माझ्याजवळ दोन नवीन पदवीधर बसवले होते. ते शिकत होते. शिकणारच, काम वाढलं होतं. मग होळीच्या सुमाराला भाऊ म्हणाले, "अक्का, तुम्ही कधी सुटी घेत नाहीत. आठवडाभर बहिणीकडे जाऊन या. आणि फोन बंद ठेवा बरं, मी ओरडेन नाहीतर." मी नंदुरबारला बहिणीकडे गेले. तिच्या सासरच्यांना सांगत सुटले, आमचे मालक किती जीव लावतात. परत आले तर काम सुरळीत होतं. दोघा नव्या मुलांचं मी कौतुकही केलं.

मग धुळ्याच्या परिषदेचं निघालं. व्यवसाय सातत्य आणि जोखीम व्यवस्थापन. भाऊ म्हणाले, "आपले सल्लागार बोलणार आहेत, तुम्ही चला." मी विचारलं, "मी काय करू तिथे?" तर म्हणाले, "अहो, तुमच्याशिवाय कसं?" मी माहेरची मोरपंखी साडी काढली. सकाळी गाडीत बसताना मागच्या सीटवर एक पिशवी दिसली, तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती. वाटलं, कोणा पाहुण्यासाठी असेल. भाऊ स्वतः गाडी चालवत होते. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता आम्ही गप्पा मारत गेलो. त्या गप्पा आठवल्या की मला स्वतःचीच किळस येते.

हॉटेलात गळ्यात कार्ड अडकवायला दिलं. सभागृह भरलेलं होतं. जळगावचे डाळ मिलवाले, धुळ्याचे तेल मिलवाले, सूतगिरणीची माणसं, बँकेचे साहेब, विमावाले. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या बऱ्याच फुलं देणाऱ्या. पुढच्या रांगेत बसलेल्यांचे सत्कार होण्यातच निम्मी सकाळ गेली. मग एकामागून एक बोलायला उठले. एकाने पुराचं सांगितलं, एकाने आगीचं. कॉम्प्युटर बाहेरून कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या चोरांचं एकाने सांगितलं, ते ऐकून तेल मिलवाले चुळबुळले. पडद्यावर लाल, पिवळे, हिरवे चौकोन दाखवत होते. जे घडण्याची शक्यता जास्त आणि घडलं तर नुकसान मोठं, ते लाल चौकोनात. सोपं होतं. आमची उन्हाळी वादळं मी मनातल्या मनात लाल चौकोनात बसवली. आणि भाऊंना हळूच तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर."

मग आमचा सल्लागार उठला. माइकसमोर तो वाकत नव्हता. ताठ उभा होता.

"खानदेशातली एक कंपनी," तो म्हणाला. "नाव घेत नाही. केळीचा धंदा. मालकांना विचारलं, तुमची सगळ्यात मोठी जोखीम कोणती? मालक म्हणाले, वादळ. आम्ही जाऊन बसलो, बघितलं. वादळ दुसऱ्या नंबरवर होतं. पहिल्या नंबरची जोखीम रोज सकाळी डबा घेऊन कामावर येत होती. आणि आम्हाला चहा पाजत होती."

लोक हसले. पडद्यावर लाल चौकोन आला, त्यात फोन कानाला लावलेल्या साडीतल्या बाईचं चित्र. मला अजून कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण अंगाला लागलं नव्हतं.

"बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे. बीपीची गोळी चालू. बाईंना ताप आला की कंपनीला थंडी वाजते." पुन्हा हसले. मग त्याने हाताचा फोन करून कानाला लावला आणि माझा आवाज काढला. "बोल रे बापा, गाडी कुठलोक आली? जेवला का नाही तू? आधी जेव, मग चालव."

सभागृह खदखदून हसलं. त्याला माझा आवाज चांगला जमला होता. बरोबरच आहे, तीन महिने मोबाइलमध्ये साठवला होता. मी शेजारी पाहिलं. भाऊ हसत होते. डोळे पुसत हसत होते.

सल्लागार पुढे सांगत होता. बाईंच्या डोक्यातलं सगळं बाहेर काढलं, दोन माणसं तयार केली, आणि मग चाचणी घेतली. बाईंना आठवडाभर सुटीवर पाठवलं, फोन बंद ठेवायला लावला. "एकही गाडी चुकली नाही," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांसमोर नंदुरबारची ओसरी आली आणि मी बहिणीच्या सासूला मालकांचं कौतुक सांगतेय हे दिसलं.

"आणि आनंदाची गोष्ट म्हणजे," तो म्हणाला, "त्या आज आपल्यात आहेत. आपलं सगळं ज्ञान मोठ्या मनाने कंपनीला देऊन त्या आता विश्रांती घेत आहेत. त्यांचा सत्कार त्यांच्या मालकांच्या हस्ते करू या."

भाऊंनी माझ्या कोपराला हात लावला. "चला अक्का."

माणूस अशा वेळी उठतो. का उठतो, ते मला सांगता येणार नाही. सगळे वळून बघत असतात, टाळ्या वाजत असतात, आणि पाय आपले आपण चालायला लागतात. व्यासपीठावर ती पिशवी आधीच पोचली होती. शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालक म्हणाला, शाल घालायला एखादी भगिनी बोलवू या. भाऊ म्हणाले, "नको, मीच घालतो. माझ्या अक्का आहेत त्या." पुन्हा टाळ्या. शाल माझ्या खांद्यावर आली. नारळ हातात आला. कोणीतरी माइक पुढे केला आणि म्हणाला, दोन शब्द.

मी आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते. माझाच श्वास मोठ्याने ऐकू आला. मी म्हणाले, "मी विश्रांती घेतेय, हे मला आत्ताच कळलं. इथे बसलेल्या तुम्हां सगळ्यांबरोबर कळलं. हे ज्यांना आधीपासून माहीत होतं, सत्काराचा मान त्यांचा." आणि मी खांद्यावरची शाल काढून भाऊंच्या खांद्यावर घातली. नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं.

फक्त त्यांनाच कळलं. सभागृह उभं राहिलं. लोकांना वाटलं, काय नम्रता आहे बाईंची, स्वतःची शाल मालकाला दिली. पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ तर हात उंच करून टाळ्या वाजवत होते. फोटो निघाले. पुढे एका स्थानिक पेपरात त्यातला एक छापूनही आला, खाली लिहिलं होतं, 'मालक आणि सेवक यांच्यातील जिव्हाळ्याचा क्षण.' मी त्या माणसांच्या तोंडावर थुंकले असते तरी त्यांनी तीर्थ म्हणून घेतलं असतं.

जेवणाच्या ठिकाणी सल्लागार माझ्याकडे आला. हातात ताट, पुन्हा वाकलेला.

"मॅडम, तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी? मला वाटलं, तुमच्याशी बोलणं झालंय."

"माझ्या गोळीचं का सांगितलंत?"

"ते... मॅडम, ते तुमच्याबद्दल नव्हतं. ते रोलबद्दल होतं. त्या जागी कोणीही असतं तरी हेच..."

"गोळी रोल घेत नाही," मी म्हणाले. "मी घेते. माझ्या घरी, माझं जेवून तुम्ही ती पाहिली."

तो म्हणाला, "आय ॲम सॉरी, मॅडम." खरंच ओशाळला होता. त्याचा तो ओशाळा चेहरा पाहून मला जास्त चीड आली. कारण मला माहीत होतं की पुढच्या गावात, पुढच्या सभागृहात तो हीच गोष्ट सांगणार, हाच आवाज काढणार, आणि आता तिच्या शेवटी शालीचा प्रसंगही जोडणार.

चहा न घेताच आम्ही निघालो. मी पुढच्या सीटवर बसले नाही, मागे बसले. शाल माझ्या शेजारी पडली होती, प्लॅस्टिकमध्ये पुन्हा नीट घडी घालून ठेवलेली. बराच वेळ भाऊ आरशात बघत होते.

"अक्का, रागावल्या?"

मी बाहेर बघत होते.

"मी सांगणारच होतो. सावद्याला गेल्यावर निवांत बसून सांगणार होतो. त्या माणसाने घाई केली."

"नारळ सकाळपासून गाडीत होता."

त्यांनी नजर आरशावरून काढली. मग म्हणाले, "सत्कार होणार हे माहीत होतं. तो असं बोलेल, हे माहीत नव्हतं."

"तुम्ही हसलात."

"कधी?"

"त्याने माझा आवाज काढला तेव्हा."

"अहो, सगळेच हसले, अक्का."

"सगळ्यांना माहीत नव्हतं ती बाई कोण ते."

समोर ट्रक होता, त्यांनी उगाच जोरात हॉर्न वाजवला. मग ते बोलायला लागले आणि बोलतच राहिले. आबांना एकाएकी झटका आला तेव्हा धंदा कसा बसला होता. आबांच्या डोक्यात काय काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, लोक दारात यायचे आणि हा पोरगा नुसता बघत राहायचा. "ते दिवस तुम्ही पाहिलेत," ते म्हणाले. "मला पुन्हा तसं नकोय. उद्या तुम्हाला काही झालं, तर मी काय करू? यात माझं काय चुकलं?"

"मला सांगायचं होतं. मीच शिकवलं असतं सगळ्यांना."

"तुमची जागा जाणार म्हणून सांगितलं असतं, तरी शिकवलं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही माहीत नाही. आणि तो विचारायचा त्यांना हक्क होता, असंही मला आजपर्यंत वाटलेलं नाही.

पारोळ्याचं बसस्टँड दिसलं. मी म्हणाले, "गाडी थांबवा."

"भलतंच काय, अक्का. घरापर्यंत सोडतो."

"थांबवा म्हणते ना."

त्यांनी थांबवली. मी उतरले. ते खिडकी खाली करून काहीतरी म्हणत होते, ते मी ऐकलं नाही. शाल गाडीतच राहिली.

जळगावच्या बसला गर्दी होती. मधल्या सीटवरच्या एका बाईने मांडीवरची पिशवी उचलली, खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "आठे बस, बहीण. जागा शे." धुळ्याकडची होती, बोलण्यावरून कळलं. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "काय व्हयनं?"

"नोकरी गेली," मी म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा मी ते शब्द उच्चारले.

"नोकरी गयी आन साडी इतली भारी?"

"सत्कार होता माझा."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी खोटं बोलतेय की काय, हे बघत असावी. मग म्हणाली, "बठ्ठा येडा शेतस," म्हणजे सगळेच वेडे आहेत, आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. एरंडोल येईपर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या. ती एरंडोलला उतरून गेली. त्या दिवशी भेटलेल्या माणसांपैकी एकटीच अशी, की जिचा मला राग येत नाही.

घरी आले तेव्हा नवरा घरापुढचं दुकान आवरत होता. हाताला वार्निशचा वास. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर, "शाल कुठे आहे?"

"त्यांच्या गाडीत."

"आणायची होती ना. मिळाली होती तर."

मी त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. तो गपचूप जाऊन बाहेरून शेवभाजी घेऊन आला आणि भाकरी शेजारच्यांकडून मागून आणली. जेवताना म्हणाला, "तू तिथे बोललीस, बरं केलंस. मला नसतं जमलं." पण शालीचं तो बोलला होता, ते बोलला होता.

आठवडाभराने भाऊ घरी आले, बायकोला घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी त्यांना बसा म्हणाले. पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. आमच्याकडे आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांची बायको सारखी पदर सारखा करत होती. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही सल्लागार म्हणून या. आठवड्यातून दोन दिवस. खुर्ची तीच."

"लाल चौकोनातली?"

"असं नका बोलू."

"मला यायचं नाही."

"आईने निरोप दिलाय, अक्काला घेऊनच ये म्हणून."

"आईंना सांगा, मी त्यांना भेटायला येईन. कामावर येणार नाही."

तेवढ्यात नवरा आतून ट्रे घेऊन आला. त्याने स्वतःच चहा ठेवला होता, आणि वर वेलची टाकली होती. त्यांनी तो घेतला. मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढचं लिहायला मला जड जातं. मी वाट बघत होते. रोज सकाळी ओट्यावर उभी राहून मी रस्त्याकडे बघायचे आणि वाट बघायचे की आज काहीतरी बिघडेल. एखादी गाडी चुकेल. कोणी शेतकरी चिडून येईल. एखादा ड्रायव्हर मला फोन करून म्हणेल, अक्का, तुम्ही नाहीत तर इथे नुसता गोंधळ आहे. फोन आले, नाही असं नाही. दोघातिघांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना, ऐकलं की तुम्ही विश्रांती घेताय. बस, एवढंच.

उन्हाळ्यात वादळ झालं. रावेरकडच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, केळीची खोडं कंबरेत मोडून पडली. अशा वेळी पडलेला माल दोन-तीन दिवसांत उचलावा लागतो, नाहीतर मातीमोल होतो. टोळ्या मिळत नाहीत, गाड्या मिळत नाहीत, सगळेच मागतात. मी म्हटलं, आता. आता कळेल. मी फोन जवळ घेऊन बसले, आणि तो वाजला तर मी उचलणार नाही, असंही ठरवून बसले.

तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरावरून गाड्या जायला लागल्या. भरलेल्या, ताडपत्री बांधलेल्या, एकामागून एक. त्या दोन पोरांनी सगळा माल उचलला. मी उचलला असता तसाच, कदाचित माझ्यापेक्षा लवकर. बागा आडव्या झालेल्यांचं त्यात भलं झालं, आणि मी ओट्यावर उभी राहून त्यावर जळत होते.

त्या दिवशी मला समजलं की सभागृहात तो माणूस जे बोलला ते खरं होतं. मी जोखीमच होते, आणि ती त्यांनी नीट काढून टाकली होती. लोकांना वाटतं, खरं कळलं की राग जातो. माझा गेला नाही. तो खोटं बोलला असता, तर मी केव्हाच त्याला हसून सोडून दिलं असतं. खरं बोलणाऱ्या माणसाने ते मला माझ्या तोंडावर, माझ्या घरी, माझी बट्टी मोडता मोडता सांगायला हवं होतं. मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस कामावर गेले नसते. पण ते आमच्यात राहिलं असतं. त्याऐवजी डाळ मिलवाल्यांना हसवण्यासाठी ते वापरलं गेलं. हे कुठल्या चौकोनात बसतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा काम धरलं. रावेरला तीन शेतकऱ्यांनी मिळून छोटं पॅकहाऊस काढलंय, तिथे. भेटायला गेले तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणाले, "मला काढायचं झालं, तर सगळ्यात आधी मला सांगायचं." तिघंही हसले. "काढतो कशाले तुम्हाले, अक्का, आत्ता तं घेऊन राह्यलो," त्यातले वयाने मोठे होते ते म्हणाले. मी हसले नाही. मग त्यांनी मान डोलावली.

तिथे मी दोन मुलींना पहिल्या दिवसापासून शेजारी बसवलं. एक वाघोद्याहून येते, एक रावेरातच राहते. त्यांना मी सगळं सांगते. कोणी मागायच्या आधी सांगते. लोक म्हणतात, अक्कांचं मन मोठं आहे. मन मोठं वगैरे काही नाही. पुन्हा कोणा परक्या माणसाने येऊन ते माझ्यातून काढून नेऊ नये, एवढ्यासाठी मी ते स्वतःच वाटून टाकते. फोन मात्र टेबलावर उघडा ठेवू देत नाही कोणाला. पर्समध्ये ठेवायचा.

भाऊ दोनदा लग्नाकार्यात समोर आले. पहिल्यांदा ते वाढप्यांच्या मागून निघून गेले. दुसऱ्यांदा थांबले, म्हणाले, "बऱ्या आहात?" मी म्हणाले, "बरी आहे," आणि पुढच्या बाईशी बोलायला लागले. त्यांच्या आईला मी भेटून आले. म्हातारीने माझा हात धरून ठेवला, पण मुलाबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

परवा पॅकहाऊसमध्ये गाडीची वाट बघत बसलो होतो. वाघोद्याच्या मुलीने विचारलं, "अक्का, तुमचा स्वभाव पहिल्यापासूनच असा कडक आहे का?"

मी म्हटलं, "हो."

तिला ते खरं वाटलं. मग गाडी आली, आम्ही तिघी उठलो आणि खोकी मोजायला गेलो.